शिंक

आई, आपल्या घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला
तुझी शिंक आडवी यायची.
बाबा सूत आणायला शहापूरला निघाले, शिंक.
अंबूआत्याला बघायला नेसरीचे पाहुणे आले,
चहाचा ट्रे उंबऱ्यावर,
आणि शिंका. सात. मी मोजल्या होत्या.
मागनं कळवतो म्हणाले पाहुणे.
अजून कळवताहेत.

तेव्हापासून कुणी निघालं की आत्या म्हणायची,
"वैनी, तू जरा मागं जा बघू."
मागं म्हणजे मागाकडं.
चार पॉवरलूम, एक खिडकी, तीही सुतळीनं बांधलेली,
आणि हवेत सुताचं तूस,
दिवा लावला की दिसायचं, एरवी नुसतं असायचं.
तू तिथं कांड्या भरत बसायचीस
पदराचं टोक नाकाशी दाबून
शिंक गिळत.
गिळलेली शिंक कुठं जाते
हे अख्ख्या वडगावात कुणी विचारलं नाही.

येळ्ळूर रोडला काँग्रेस गवत फुललं
की तुझे डोळे लाल, टाळूला खाज.
तू जीभ टाळूवर घासून कट्‌ कट्‌ करायचीस,
आत्याला वाटायचं पाल चुकचुकली.
ती फरशीवर तीनदा बोटं वाजवून म्हणायची, कृष्ण कृष्ण.

माझ्या दहावीच्या गणिताला
तू कुणी न सांगताच मागं गेलीस
आणि दार ओढून घेतलंस.
गल्लीच्या तोंडापर्यंत मला लूमचा खडखडाट ऐकू येत होता,
मधेच एक धागा तुटल्यासारखा.
मला छप्पन मिळाले.
त्याच थंडीत तुझ्या छातीत शिट्टी आली.
रात्री अडीचला तू भिंतीला टेकून बसलेली,
आत कुणीतरी कोरडा रहाट फिरवतंय.

पंधरा वर्षांनी ओपीडी.
फॉर्म कन्नडात, मी वाचतो, तू मान हलवतेस.
डॉक्टरीणबाई गदगकडच्या.
त्यांनी पहिल्यांदा नाकातच बॅटरी मारली
आणि तू भडकलीस.
"छातीसाठी आलोय मी, नाकाचं काय बघूलाय?"

त्यांनी कागदावर एक नळी काढली.
वरच्या टोकाला लिहिलं मूगु, खालच्या टोकाला दम्मु.
माझा चेहरा बघून खोडलं, मला विचारून विचारून
देवनागरीत पुन्हा लिहिलं.
मूगुचं नाक झालं.
दम्मुचा दमा व्हायला फारसं काही करावं लागलं नाही.
मग मधे रेघ मारायला पेन टेकवला,
थोडा वेळ तसाच धरला,
आणि उचलला.
"वाट एकच आहे, अम्मा.
वर जे धुमसतंय ते खाली पोचतं.
आधी वरचं बघू या.
शिंका कधीपासून?"

तू माझ्याकडं बघितलंस.
मी म्हणालो, नेसरीचे पाहुणे आले होते तेव्हापासून तरी.
त्यांनी लिहून घेतलं, वीस वर्षं.

आता देव्हाऱ्याच्या फळीवर दोन वस्तू,
छातीचा पंप, नाकाचा फवारा.
उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं मारायचा असतो.
डाव्या हातानं धड काम करू नये असं तुला वाटतं,
म्हणून तू तेवढ्यापुरते डोळे मिटतेस.
दोन लूम विकले. खिडकीची सुतळी मी कापली.
तूस भिंतीत मुरलंय,
केरसुणी लागली की अजून उठतं.

काल मी हुबळीला निघालो होतो, लूमचा एक पार्ट आणायला.
पायात चप्पल, हातात पिशवी,
आणि स्वयंपाकघरातून शिंक.
थांबलो.
दुसरी. तिसरी.
मी कान देऊन उभा राहिलो
शिंकांच्या मागच्या त्या शांततेकडं,
जिथून शिट्टी सुरू होते.

आत्या पांढरे केस विंचरत होती, फणी हातातच राहिली.
"बघ, थांबलास का न्हाई?
मी सांगत होतो ते काय खोटं होतं?"
"नव्हतं, आत्या," म्हणालो
आणि चप्पल काढून आत गेलो.

फळीवरचा फवारा कानाशी धरून हलवला.
रिकामा.
तू म्हणालीस, झाले की चार दिवस,
तू निघालेला दिसलास, म्हणून बोललो नाही.